ना शेती, ना खाण, तरी युरोपातलं सगळ्यात श्रीमंत शहर: व्हेनिसने पैसा कमावला कसा आणि गमावला कसा?

पुतळ्यांची माळ हा दागिना तुम्ही कुणाच्या तरी गळ्यात पाहिला असेल. नाण्यासारख्या गोल, चपट्या सोन्याच्या चकत्या आणि त्यावर उभ्या आकृत्या. यातली 'पुतळी' म्हणजे मुळात एका परदेशी नाण्याला आपल्याकडे पडलेलं नाव. हे नाणं होतं व्हेनिसचं डुकाट. त्याच्या एका बाजूला एक संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा शासक असायचा. नाण्यावर माणसं दिसतात म्हणून आपल्याकडे त्याची झाली पुतळी. पुढे भारतात याच्या हुबेहूब नकलाही तयार होऊ लागल्या.

व्हेनिसने हे नाणं १२८४ साली पहिल्यांदा पाडलं. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शंभर टक्के शुद्ध. पुढची पाचशे वर्षं या वजनात आणि शुद्धतेत म्हणण्यासारखा बदल झाला नाही. कैरोपासून केरळपर्यंतचे व्यापारी ते वजन न करता घ्यायला तयार असायचे.

पण गंमत अशी की व्हेनिसकडे सोन्याची खाण नव्हती. खाणच काय, पोटापुरतं धान्य पिकवायला शेतही नव्हतं. खाडीतल्या चिखलात लाकडी खांब ठोकून त्यावर वसवलेलं हे शहर. मग एवढी श्रीमंती आली कुठून? आणि गेली कुठे?

सोळाव्या शतकापर्यंत युरोपातली सगळ्यात श्रीमंत शहरं कोणती, असं विचारलं तर उत्तरात इटलीतल्या शहरांची नावं पहिली घ्यावी लागतात. व्हेनिस, जिनोआ, फ्लॉरेन्स, मिलान. ही नुसती शहरं नव्हती, स्वतंत्र राज्यं होती. स्वतःचं सरकार, स्वतःचं सैन्य, स्वतःचं नाणं. यातलं व्हेनिस नीट समजलं की बाकीच्यांची गोष्टही बरीचशी समजते.

राजा लांब, समुद्र जवळ

अकराव्या-बाराव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये राजे आपली पकड घट्ट करत होते. उत्तर इटलीत मात्र वेगळंच चाललं होतं. कागदावर हा प्रदेश जर्मनीत बसणाऱ्या पवित्र रोमन सम्राटाचा. पण सम्राट आल्प्स पर्वताच्या पलीकडे. तो सैन्य घेऊन आला की शहरं कर भरायची, तो परत गेला की आपला कारभार आपण बघायची.

शेवटी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने या शहरांना वठणीवर आणायचं ठरवलं. ११७६ साली लेन्यानोच्या लढाईत शहरांच्या संघानेच त्याचा पराभव केला. ११८३ च्या तहात त्याला त्यांची स्वायत्तता मान्य करावी लागली. म्हणजे व्यापाऱ्यांच्या शहरांनी सम्राटाला झुकवलं होतं.

व्हेनिस तर या सम्राटाच्या हद्दीतही नव्हतं. ते पूर्वेकडच्या बायझंटाइन साम्राज्याच्या नावाखाली होतं, म्हणजे आणखीच दूरच्या राजाच्या.

मिठापासून मिरीपर्यंत

व्हेनिसच्या खाडीत विकण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, मासे आणि मीठ. सहाव्या शतकातल्या कॅसिओडोरस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने इथल्या लोकांचं वर्णन करून ठेवलंय. दारात जनावरं बांधावीत तशा हे लोक घराला होड्या बांधतात, आणि मीठ हेच यांचं पीक, असं त्याचं म्हणणं.

हे मीठ नद्यांमधून आत न्यायचं, बदल्यात धान्य आणायचं. इथून व्हेनिसच्या व्यापाराची सुरुवात झाली. हळूहळू होड्या मोठ्या झाल्या आणि पल्ला लांबला.

मोठी उडी मिळाली ती १०८२ च्या सुमारास. बायझंटाइन सम्राटाला नॉर्मन लोकांशी लढायला आरमार हवं होतं. व्हेनिसने ते दिलं आणि मोबदल्यात साम्राज्यातल्या बहुतेक बंदरांत जकातमाफी मागून घेतली. बाकीचे व्यापारी जिथे मालाच्या किमतीच्या १० टक्के जकात भरायचे, तिथे व्हेनिसचा व्यापारी शून्य भरणार. पुढचं गणित सांगायला नको.

इथे आपलाही संबंध येतो. मलबारची काळी मिरी अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात जायची, तिथून कैरो आणि अलेक्झांड्रिया. अलेक्झांड्रियात ती व्हेनिसचे व्यापारी विकत घ्यायचे. व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांसाठी बांधलेली एक मोठी वखार होती, तिथून ती उत्तर युरोपात जायची. युरोपकडे पूर्वेला विकण्यासारखा माल कमी, त्यामुळे बदल्यात चांदी आणि सोनं द्यावं लागायचं. व्हेनिसची पुतळी आपल्याकडे पोहोचली ती याच वाटेने. टांकसाळीला व्हेनिसमध्ये 'झेक्का' म्हणायचे. हा शब्द अरबी 'सिक्का' वरून आलेला आहे, आणि आपला सिक्काही तोच.

पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची

चांगली जागा आणि जकातमाफी असली तरी एक अडचण उरतेच. समुद्रावरचा व्यापार महागडा आणि जीवघेणा. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना वादळात आणि चाच्यांच्या तावडीत सापडायचं नसतं. ज्यांच्यात जायची धमक आहे, त्या तरुणांकडे पैसा नसतो.

व्हेनिसने यावर काढलेला तोडगा म्हणजे 'कोलेगांत्सा' नावाचा करार. अरब व्यापाऱ्यांमध्ये अशीच पद्धत आधीपासून होती, आणि इटलीच्या इतर बंदरांतही ती 'कोमेंदा' नावाने चालायची.

याचे दोन प्रकार होते. पहिल्यात सगळं भांडवल घरी बसणाऱ्याचं आणि प्रवास दुसऱ्याचा. नफ्यातला पाऊण हिस्सा भांडवलवाल्याला, पाव हिस्सा जाणाऱ्याला. दुसऱ्या प्रकारात प्रवास करणाराही थोडे पैसे घालायचा. १०७३ सालचा असा एक करार आजही उपलब्ध आहे. सेवास्तो ओरेफिचे याने २०० लिरा घातले, जोवान्नी लिस्सादो याने १०० लिरा घातले आणि तो माल घेऊन ग्रीसमधल्या थीब्जला निघाला. नफा झाला तर निम्मा-निम्मा.

समजा या ३०० लिरांवर ९० लिरा नफा झाला. दोघांना ४५-४५ मिळतील. म्हणजे जोवान्नीला १०० वर ४५, आणि सेवास्तोला २०० वर ४५. जोवान्नीच्या मेहनतीची आणि जोखमीची किंमत त्या फरकात आहे.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं. जहाज बुडालं तर प्रत्येकाचं नुकसान त्याने घातलेल्या रकमेपुरतंच. घरदार विकून भरपाई करायची नाही. आजच्या कंपनी कायद्यातलं 'मर्यादित दायित्व' साधारण हेच सांगतं.

याचा परिणाम काय झाला? कुठलाही होतकरू मुलगा दुसऱ्याच्या पैशावर चार-पाच सफरी करून स्वतः भांडवलदार होऊ शकत होता. आणि अशी मुलं झालीही. दहाव्या शतकात, म्हणजे ९६०, ९७१ आणि ९८२ सालच्या तीन सरकारी कागदपत्रांवर प्रतिष्ठित लोकांच्या सह्या आहेत. संशोधकांनी त्या तपासल्या तेव्हा प्रत्येक कागदावरची जवळपास दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त नावं आधीच्या नोंदींत न सापडणारी, म्हणजे नवी निघाली. बड्या लोकांच्या वर्तुळात सतत नवी घराणी येत होती.

सरकार म्हणजे व्यापाऱ्यांचीच कंपनी

ही नवी घराणी श्रीमंत झाली की त्यांना सत्तेत वाटा हवा असायचा. व्हेनिसच्या प्रमुखाला 'डोजे' म्हणायचे. सुरुवातीला तो जवळजवळ राजाच होता. बाराव्या शतकात शहरात महासभा स्थापन झाली आणि डोजेचे अधिकार एकेक करून कमी होत गेले. त्याला वारस नेमता येत नव्हता आणि सल्लागारांशिवाय महत्त्वाचा निर्णय घेता येत नव्हता.

१२६८ पासून डोजे निवडायची पद्धत तर डोकं गरगरेल अशी होती. आधी चिठ्ठ्या टाकून ३० जण, त्यातून चिठ्ठीने ९, त्या ९ जणांनी निवडलेले ४०, त्यातून चिठ्ठीने १२, असं करत करत शेवटी ४१ जण उरणार आणि ते डोजे निवडणार. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कुठल्याही एका घराण्याला सेटिंग लावता येऊ नये म्हणून.

व्यापाऱ्यांच्या हातातलं हे सरकार व्यापाऱ्यांना लागतील तीच कामं करत होतं. आर्सेनाल या सरकारी गोदीत जहाजं बांधली जायची. सांगाडा, डांबर, दोर, शिडं अशी प्रत्येक कामाची वेगळी जागा आणि ठरावीक मापाचे सुटे भाग. व्यापारी जहाजांचा ताफा ठरलेल्या मोसमात संरक्षणासह निघायचा. करार मोडला तर दाद मागायला न्यायालयं होती. १२६२ साली सरकारने आपलं सगळं कर्ज एकत्र करून त्यावर ५ टक्के व्याज द्यायला सुरुवात केली. पुढे हे कर्जरोखे लोक एकमेकांना विकू लागले. आजच्या सरकारी बाँडचं हे पूर्वरूप.

तिकडे जिनोआ आणि फ्लॉरेन्समध्ये

व्हेनिस एकटं नव्हतं. जिनोआ त्याचं हाडवैरी. सागरी विम्याचे सगळ्यात जुने करार जिनोआतले, चौदाव्या शतकाच्या मध्यावरचे. फ्लॉरेन्सला समुद्र नव्हता, पण लोकरीचं कापड आणि सावकारी होती. तिथल्या बार्डी आणि पेरुझ्झी या पेढ्यांनी इंग्लंडच्या राजाला अफाट कर्ज दिलं. राजाने हात वर केले आणि १३४० च्या दशकात दोन्ही पेढ्या बुडाल्या. पुढे १३९७ साली उभ्या राहिलेल्या मेडिची बँकेने अशी जोखीम विभागण्यासाठी प्रत्येक शहरातली शाखा वेगळी भागीदारी म्हणून चालवली.

'बँक' हा शब्दही इटालियन 'बांको' वरून, म्हणजे सराफ ज्यावर पैसे मांडून बसायचे ते बाकडं. 'बँकरप्ट' म्हणजे मोडलेलं बाकडं.

आणि हा सगळा हिशोब होत होता तो भारतीय आकड्यांत. पिसाच्या लिओनार्डोने, म्हणजे ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो त्याने, हे आकडे उत्तर आफ्रिकेत शिकून १२०२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात नऊ 'भारतीय' आकडे आणि शून्य वापरून नफा, व्याज आणि चलनबदल कसा मोजायचा ते दाखवलं. रोमन आकड्यांत गुणाकार करून पाहा, म्हणजे याची किंमत कळेल. सुरुवातीला विरोधही झाला. १२९९ साली फ्लॉरेन्समधल्या सराफांच्या संघाने हिशोबाच्या वह्यांत हे आकडे वापरायला बंदी केली होती! पण सोय जिंकली. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीचं पुस्तक छापलं गेलं, त्यात 'व्हेनिसची पद्धत' म्हणून दुहेरी नोंदीची हिशोबपद्धत समजावली आहे. कॉमर्सची मुलं आजही जमा-नावे शिकतात ते याच पद्धतीने.

या पैशाला रक्ताचा वासही होता

व्हेनिसच्या भरभराटीत सगळं काही करार आणि हिशोबातून आलं नव्हतं. बाराशेच्या सुमारास चौथ्या धर्मयुद्धासाठी व्हेनिसने ८५,००० मार्क चांदीच्या बदल्यात साडेतेहतीस हजार माणसांच्या जहाजांचं कंत्राट घेतलं. प्रत्यक्षात त्याच्या एक तृतीयांशच माणसं आली आणि पैसे अपुरे पडले. मग ही फौज आधी झारा या बंदरावर आणि शेवटी १२०४ साली कॉन्स्टॅन्टिनोपलवर जाऊन आदळली. ज्या साम्राज्याने व्हेनिसला जकातमाफी दिली होती, त्याचीच राजधानी लुटली गेली. तिथून आणलेले चार तांब्याचे घोडे आजही व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये आहेत.

काळ्या समुद्राच्या बंदरांतून माणसं विकत घेऊन ती गुलाम म्हणून विकणं, हाही व्हेनिस आणि जिनोआचा नियमित धंदा होता.

१२९७: दार बंद

आता येतो गोष्टीतला कळीचा टप्पा. नवी माणसं वर येत राहिली की जुन्यांच्या नफ्यात आणि खुर्चीत वाटेकरी वाढतात. १२९७ साली महासभेने एक कायदा केला. गेल्या चार वर्षांत जे सभेत बसले होते, त्यांना थोड्याशा मतांवर पुन्हा सभासद होता येईल. नव्या माणसाला मात्र वेगळी मंजुरी लागेल. व्हेनिसच्या इतिहासात याला 'सेर्राता' म्हणतात. अर्थ साधा आहे, दरवाजा बंद करणं.

सुरुवातीला उलटंच घडलं. सभासद वाढून हजारच्या पुढे गेले, कारण बड्या घराण्यांची सोय लागत होती. मग नव्यांसाठी अटी कडक होत गेल्या. १३१० साली असंतुष्टांनी बंडाचा प्रयत्न केला, तो मोडला गेला आणि त्यातून गुप्त चौकश्या करणारी 'दहा जणांची समिती' जन्माला आली. १३२३ पर्यंत नियम पक्का झाला होता. बाप किंवा आजा सभेत बसला असेल तरच तुम्ही बसणार. सरदार घराण्यांच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या आणि पुढे त्या 'सोनेरी वही' नावाने प्रसिद्ध झाल्या.

सत्तेपाठोपाठ व्यापाराचं दारही बंद झालं. सगळ्यात फायद्याच्या मार्गांवर सरकारी जहाजं लिलावाने भाड्याने दिली जायची, आणि बोली लावायचा हक्क फक्त सरदार घराण्यांना. जोवान्नी लिस्सादोसारखा होतकरू आता वर येणार कसा?

मग व्हेनिस लगेच का बुडालं नाही?

हा प्रश्न रास्त आहे, कारण व्हेनिसचं वैभव खरं तर यानंतर, पंधराव्या शतकात शिगेला पोहोचलं. डोजे तोमाझ्झो मोचेनिगो याच्या नावावर १४२३ सालचं एक भाषण आहे. त्यात ३,००० छोटी जहाजं, ३०० मोठी जहाजं आणि ४५ गॅली असा हिशोब दिलाय. आकडे फुगवलेले असतील, पण शहराचा दिमाख त्यातून कळतो.

आधीच्या पिढ्यांनी उभं केलेलं जाळं, आरमार आणि नाण्याची पत एका कायद्याने नाहीशी होत नाही. व्हेनिस अजूनही नव्या गोष्टी करत होतं. संशोधकाला त्याच्या शोधावर दहा वर्षांचा हक्क देणारा कायदा इथे १४७४ साली झाला. युरोपातल्या छपाईचंही हे मोठं केंद्र बनलं. पण सत्ता त्याच त्या घराण्यांत फिरत राहिली. त्यांचा पैसा हळूहळू जहाजांतून निघून मुख्य भूमीवरच्या शेतजमिनीत आणि हवेल्यांत जाऊ लागला. जोखीम घ्यायची गरज त्यांना उरली नव्हती, आणि ज्यांना होती त्यांना संधी नव्हती.

वास्को द गामामुळे व्हेनिस संपलं?

शाळेत आपण शिकतो की १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि व्हेनिसचा व्यापार बुडाला. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. पोर्तुगीज मिरीच्या बातमीने व्हेनिसचा बाजार हादरला, हे नक्की. पण पोर्तुगीजांना तांबड्या समुद्राचा मार्ग पूर्ण बंद करता आला नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हेनिसमध्ये येणारी मिरी पूर्वीच्या पातळीला परत आली होती.

खरा फटका बसला तो सतराव्या शतकात. डच आणि इंग्रज कंपन्यांनी मसाल्याचा व्यापार ताब्यात घेतला. त्यांच्या स्वस्त, हलक्या लोकरी कापडापुढे व्हेनिसचं महागडं कापड मागे पडलं. त्यातच १५७५-७७ आणि १६३०-३१ च्या प्लेगच्या साथींनी दर वेळी शहराची चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त माणसं नेली.

इथे एक तुलना बोलकी आहे. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने शेअर विक्रीला काढले, तेव्हा देशातल्या कुठल्याही रहिवाशाला ते घेता येत होते. ॲमस्टरडॅमच्या यादीत बड्या व्यापाऱ्यांसोबत एका संचालकाच्या घरच्या मोलकरणीचंही नाव आहे. अनोळखी लोकांचा पैसा एकत्र करून तो समुद्रावर पाठवायचा आणि नुकसान घातलेल्या रकमेपुरतंच, ही कल्पना व्हेनिसला पाचशे वर्षांपूर्वी माहीत होती. फरक इतकाच की ॲमस्टरडॅमने ती मोलकरणीसाठीही खुली ठेवली, आणि व्हेनिसने आपल्या सगळ्यात फायद्याच्या व्यापारावर आडनावाचं कुलूप लावलं.

एक लाखाची खुर्ची

सेर्रातानंतर व्हेनिसचं दार अगदीच उघडलं नाही असं नाही. जिनोआशी जिवावर बेतलेलं युद्ध संपल्यावर १३८१ साली मदत केलेल्या ३० घराण्यांना सरदारकी मिळाली. त्यानंतर थेट १६४५ मध्ये क्रीट बेटासाठी तुर्कांशी युद्ध सुरू झालं आणि तिजोरी रिकामी झाली, तेव्हा नव्यांना पुन्हा आत घेतलं गेलं. या वेळी दर ठरलेला होता. एका घराण्याला १ लाख डुकाट.

म्हणजे ज्या शहरात एकेकाळी खिशात शंभर लिरा घेऊन निघालेला तरुण वर येऊ शकत होता, तिथे आता आधीच श्रीमंत असलेल्यांना लाख डुकाट मोजून आत यावं लागत होतं. त्या पैशाने नवं जहाज बांधलं जात नव्हतं, जुन्या युद्धाची बिलं भागवली जात होती. एवढं करून १६६९ मध्ये क्रीट गेलंच.

१२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या दबावाखाली महासभेने स्वतःच्या विसर्जनाच्या बाजूने मत दिलं. दार बंद झाल्याला तेव्हा बरोबर पाचशे वर्षं झाली होती. काही दिवसांतच सेंट मार्कच्या चौकात सोनेरी वही जाळण्यात आली.

व्हेनिस श्रीमंत झालं ते अनोळखी माणसाच्या हाती पैसा सोपवण्याची रीत त्याने घालून दिली म्हणून. ती रीत आजही जगभर चालते आहे. व्हेनिसने मात्र ती आपल्याच माणसांसाठी बंद करून टाकली होती.